लांब नाकाच्या ट्रकचा डिझेल-काटा

ट्रकमधल्या डिझेलच्या काट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण तो बंद पडलेलाही कोणाला चालत नाही. लाखनीच्या हायवेवर आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथे काम करायला लागल्यावर मला सगळ्यात आधी कळलेली गोष्ट ही. हेडलाइट लागत नसेल तर ड्रायव्हर शांतपणे सांगतो, "पाहा जरा." हॉर्न बंद असेल तर थोडा कासावीस होतो. काटा बंद असेल तर मात्र आपल्याला कोणी फसवलं असावं असं बोलतो. आणि तो नीट करून दिला, की काट्याकडे न बघता खाली उतरतो, टाकीचं झाकण उघडतो आणि आत काडी घालून डिझेल मोजतो.

या अंकाच्या संपादकांनी मला "महिला मेकॅनिक" म्हणून लिहायला सांगितलं. फोटोही मागितला. फोटो मी दिला नाही. लिहायचं कबूल केलं, कारण लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पुढे नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. पण मुलाखतीत "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलं, की माझा आवाजच जायचा. दोन-तीन ठिकाणी असं झाल्यावर घरी परत आले. त्याच सुमारास बाबांची कंबर धरली आणि त्यांना डॅशबोर्डखाली शिरता येईना. मी शिरले. तिथे मला फार बरं वाटलं. डॅशबोर्डखाली डोकं असलेल्या माणसाला कोणी स्वतःबद्दल काही विचारत नाही. आता गिऱ्हाइकांशी बाबा खुर्चीवर बसून बोलतात, वायरींशी मी.

ज्यांनी ट्रक आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. उन्हाळ्यात आपल्या घरच्या कूलरमध्ये पाण्यावर तरंगणारा बॉल असतो ना, तसाच एक बॉल डिझेलच्या टाकीत असतो. तो एका दांडीच्या टोकाला लावलेला असतो. डिझेल वाढलं की बॉल वर जातो, कमी झालं की खाली येतो. दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं, त्यानुसार करंट कमी-जास्त होतो आणि ड्रायव्हरसमोरचा काटा हलतो. एवढंच. यात बिघडण्यासारखं फार नाही. बॉलला भोक पडून तो बुडतो, वेटोळं झिजतं, वायर उंदीर खातात किंवा अर्थिंग गंजतं. बिघाड सापडायला तासभर पुरतो. वेळ लागतो तो माणसांना.

एका ट्रॅक्टरवाल्यानं बाबांना सांगितलं होतं, "काटा असा बसवा का पावाच्या खाली गेलाच नाही पाहिजे. खाली गेला का माहा बीपी वाढते." बाबांनी विचारलं, "आन डिझेल संपलं त?" तो म्हणाला, "ते संपन तवा समजनच ना गा!" दुसऱ्या एकानं पूर्ण काट्यावर देवीचं स्टिकर चिकटवलं होतं. मी ते काढलं तर खाली काटा उत्तम चालत होता. त्यानं बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "ठीक हाये. आता परत चिपकवून द्या."

पण सांगायचं आहे ते शालिककाकांच्या ट्रकबद्दल. इथे माणसांची नावं मी बदलली आहेत. ट्रकला नाव नव्हतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. दिवसा दंडार, म्हणजे ढोलकीवरचा नाच-गाण्याचा खेळ, रात्री नाटक. त्या दिवशी सकाळी एक ट्रॅक्टर आमच्या दुकानासमोर थांबला. त्यानं मागे ट्रक ओढून आणला होता. जुन्या घडणीचा, लांब नाकाचा, लाकडी केबिनचा. इंजिन ड्रायव्हरच्या पायाशी नाही, समोर नाकात. असा ट्रक मी तोपर्यंत फक्त जुन्या कॅलेंडरवर पाहिला होता. स्टीअरिंगवर शालिककाका बसले होते. साठीचे, बारीक अंगाचे, गळ्यात दुपट्टा. इंजिन बंद असलेला ट्रक ओढला जात असतानाही ते दोन्ही हातांनी मन लावून चालवत होते.

"डिझेल संपलं," त्यांनी बाबांना सांगितलं. "तिसऱ्यांदा. काटा अर्ध्यावर हाये, म्हनून मी निवांत होतो."

"काडी नाही घातली?"

"काडी हरपली."

ट्रक शेठचा. शेठची भाताची गिरणी आहे. ट्रक त्यांच्या वडिलांच्या काळातला. वर्षभर तो धानाची पोती वाहतो आणि मंडईच्या दिवसांत नाटक मंडळीचा स्टेज, पडदे, पेट्या वाहतो. शालिककाकांनी आयुष्यात हा एकच ट्रक चालवला. मध्ये काही वर्षं ते गावी शेती करायला गेले आणि तेव्हा दुसऱ्यांनी चालवला, तेवढंच. आता शेठनं त्यांना बजावलं होतं. परवा अड्याळच्या मंडईला नाटकाचं सामान जायचं आहे. रस्त्यात डिझेल संपून गाडी थांबली, तर ती अड्याळहून सरळ भंगारात आणि शालिक घरी.

"दुसऱ्या कोन्या गाडीवर लागून जा ना," बाबा म्हणाले.

"नव्या गाड्यायले नाक नाही," शालिककाका म्हणाले. "समोर नाक दिसलं नाही त रस्ता कुठून सुरू होते, तेच मले समजत नाही. एकदा शेठनं चालवाले देल्ली होती. मी अंगनातच थांबून राहिलो."

ते हे गंमत म्हणून सांगत नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मल्टिमीटर घेऊन केबिनमध्ये चढले.

चावी फिरवली. काटा अर्ध्यावर. टाकी कोरडी, तरी अर्ध्यावर. टाकीकडून येणारी वायर सोडवून बॉडीला टेकवली तर काटा झर्रकन पूर्णवर गेला, काढून घेतली तर शून्यावर आला. म्हणजे काटा ठीक होता, वायर ठीक होती. बिघाड टाकीत होता. मी खाली उतरले आणि टाकीवरच्या गोल झाकणाचे स्क्रू काढले. त्या झाकणालाच आतली दांडी आणि बॉल लटकलेले असतात. झाकण उचललं, पण दांडी बाहेर येईना. आत कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. बॅटरी मारून पाहिलं.

टाकीत काड्या होत्या.

बांबूच्या, निंबाच्या, एक छत्रीची तार, एक स्टीलची फूटपट्टी, पडद्याच्या दांडीचा तुकडा. एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की पाखरानं टाकीत घरटं बांधायला घेतलंय असं वाटावं. त्या घरट्याच्या मधोमध, बरोबर अर्ध्यावर, बॉल बसला होता.

मी चिमट्यानं एकेक काढत गेले. शालिककाका बाजूला उकिडवे बसून ओळख पटवत होते.

"हे माही. हे बी माही. हे... थांब पोरी, उजेडात धर. हे बी माहीच, पन लय जुनी."

मग सगळं उलगडलं. पूर्वी कधीतरी काटा काही कारणानं बंद पडला. म्हणून ड्रायव्हर काडी घालू लागला. टाकीच्या तोंडात बारीक जाळी असते, कचरा आत जाऊ नये म्हणून. काडी जाळीला अडायची, म्हणून जाळी काढून टाकली. मग कधी हात तेलकट असायचा, कधी घाई असायची, काडी सुटायची. पडलेल्या काडीत बॉल अडकायचा. काटा बंद आहे म्हणून काडी, आणि काडी आत आहे म्हणून काटा बंद.

"पडली तवाच काढली काहून नाही?" बाबांनी विचारलं.

शालिककाका जमिनीकडे पाहू लागले. "काढाची म्हटलं त टाकी खोलाव लागते. टाकी खोलली त शेठले समजते. म्हनून नवीन तोडाची."

"इतक्या साऱ्या तुमच्याच?"

"नाही नाही. माहा आधीच्यायच्या बी हायेत. लपवनारा मी एकटा थोडीच हाये?"

हायवेवर बातमी पसरायला फोन लागत नाही. दुपारपर्यंत आमच्या दुकानासमोर हा ट्रक पूर्वी चालवलेले दोन म्हातारे ड्रायव्हर येऊन बसले. एक लाखनीतलेच होते, दुसरे सडक अर्जुनीकडून एसटीनं आले. जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हापासून त्यांचा तालुका गोंदिया जिल्ह्यात गेला आहे. त्यांनी काड्यांच्या ढिगातून एक काळी पडलेली काडी उचलली, खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जिल्हा तिकडं गेला, काडी इकडंच राहिली."

खाचांवरून मग वाद पेटला. प्रत्येकानं आपापल्या काडीवर आपल्या अंदाजानं खुणा केल्या होत्या. एकाच्या काडीवरचं अर्धं दुसऱ्याच्या काडीवर पाव होतं.

"तुही काडीच चुकीची हाये, म्हनून तू साकोलीच्या चढावर बंद पडत होतास."

"मी बंद पडत होतो? तुले त ट्रकच्या मांगं बैल बांधून न्याव लागत होते!"

"काड्या धुऊन घ्या आधी, मग भांडा," बाबा म्हणाले.

टाकीच्या तळाशी आणखी काहीतरी आडवं होतं. मी हळूच तिरकं करून बाहेर ओढलं. ती लाकडी तलवार निघाली. अरुंद, चंदेरी रंग उडालेली. नेमके तेव्हाच नाटक मंडळीचे मॅनेजर सामान कधी भरायचं ते विचारायला आले होते. ते जागीच थांबले.

"हे आमची तलवार हाये! हे हरपली म्हनून आमच्या राजानं पूरा सीजन छत्रीनं लढाई केली! लोक हासत होते, शालिक!"

"त्या दिवशी काडी नोहोती," शालिककाका पुटपुटले.

संध्याकाळी शेठ आले. पांढरा सदरा, हातात मोबाईल. त्यांनी ढिगाकडे पाहिलं. म्हातारे ड्रायव्हर आपापल्या काड्या पाठीमागे लपवून उभे राहिले. एक काडी पायानं सरकवली. मग म्हणाले, "इतक्या लाकडात एका पंगतीचा सैंपाक झाला असता." शालिककाकांकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाबांना म्हणाले, "काटा चालला पाहिजे. परवा मी सोता गाडीत बसतो. आन ज्यानं काटा बनवला, तो बी बसन."

"पोरगी बनवून राहिली," बाबा म्हणाले.

"मंग पोरगी बसन."

मला जायचं नव्हतं. पण त्या क्षणी "नाही" म्हणायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी टाकी धुतली, नवीन बॉल लावला, वेटोळं साफ केलं आणि टाकीच्या तोंडात जाळी बसवली. काडी आत जाऊच नये म्हणून. शालिककाकांनी जाळीवर बोट ठेवून पाहिलं. देवळाला कुलूप लावल्यावर पुजाऱ्याचा चेहरा होईल तसा त्यांचा झाला होता. डिझेल भरलं, चावी फिरवली. काटा शून्यावरून उठला आणि सावकाश चढत पाऊणच्या वर जाऊन थांबला. मला तेव्हा जे वाटलं, ते कोणाला सांगावंसं वाटलं नाही. बाबांनी खुर्चीवरूनच विचारलं, "चालला?" मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवणं करून अड्याळला निघालो. डावीकडे शेठ, उजवीकडे शालिककाका, मध्ये मी, आणि माझ्या गुडघ्याशी गिअरची दांडी. मागे स्टेजच्या फळ्या, पडदे, पेटी-तबला आणि अर्धी मंडळी. नाटकातल्या राजानं वेळ वाचवायला एका बाजूची मिशी आधीच चिकटवली होती.

हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. शेठचे डोळे काट्यावर होते. पहिलं वळण आलं, डिझेल टाकीत एका बाजूला गेलं, आणि काटा पाऊणवरून पाववर आला.

"थांबव!" शेठ ओरडले. "डिझेल सांडून राहिलं!"

ट्रक थांबला. शेठनं खाली वाकून टाकी बाहेरून पाहिली. कोरडी. परत येऊन बसले. सरळ रस्त्यावर काटा पुन्हा पाऊणवर.

इथे हे सांगायला हवं, की अशा जुन्या गाड्यांचा काटा हलतोच. डिझेल हिंदकळलं की बॉल हिंदकळतो, बॉल हिंदकळला की काटा. तो हलतो म्हणजे तो चालू आहे. हे वाक्य मी मनात तयार केलं, दोनदा तपासलं, आणि बोलायला तोंड उघडलं तोवर पुढचं वळण आलं.

"थांबव!"

"शेठ," शालिककाका ब्रेक दाबत म्हणाले, "हे थांबनं त्याच्यात धरू नोका बरं. हे तुमी थांबवून राहिले."

"नाही धरत. उतर."

मागून ताडपत्री बाजूला करून राजानं अर्धी मिशी बाहेर काढली. "आलं का अड्याळ?"

"नाही आलं. बस मांगं."

असं आणखी झालं. खड्ड्यात काटा पूर्णवर गेला तेव्हा शेठ म्हणाले, "आता वाढलं कसं?" उतारावर शून्याला टेकला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते पिऊन टाकलं. शालिककाकांच्या कपाळावर घाम होता. प्रत्येक वळणाआधी ते ट्रक इतका हळू करत, की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला, वळून बघून हसला आणि परत पुढे गेला.

शेवटी एका तलावाच्या पाळीजवळ शेठनं ट्रक थांबवला. "डोळ्यानं पाह्यल्याशिवाय मी पुढं येत नाही," म्हणाले. पाळीवरच्या बेशरमाच्या झुडपाची एक लांब फांदी त्यांनी मोडली, पानं ओरबाडली आणि टाकीचं झाकण उघडलं. फांदी जाळीला अडली.

"हे काय लावलं?"

"जाळी," मी म्हणाले. "काढू नका."

हे माझं त्या प्रवासातलं पहिलं वाक्य. शेठ थोडे नरमले. "बेटा, तू शिकलेली हायेस, मले मान्य हाये. पन डिझेल काय इंग्रजी थोडीच हाये, आपल्याले बी समजते." मग त्यांनी माझ्याच हत्यारांच्या पिशवीतली पक्कड घेतली आणि जाळी पिळून बाहेर काढली.

फांदी आत गेली. शेठनं ती वर काढली, ओली खूण पाहिली. डिझेल भरपूर होतं. चेहऱ्यावर समाधान आलं. खात्री करावी म्हणून त्यांनी ती पुन्हा आत घातली. फांदी डिझेलनं निसरडी झाली होती.

टुबुक.

शेठ हात तसाच धरून उभे राहिले. बोटांमध्ये काही नव्हतं. शालिककाका आणि मी त्यांच्या दोन बाजूंना. तळ्यावर एक बगळा उडाला.

"पडली?" शालिककाकांनी हळूच विचारलं.

"पडली," शेठ त्याहून हळू म्हणाले.

ताडपत्री हलली. "काय झालं, शेठ?" राजा म्हणाला.

"काई नाही! बस मांगं!"

शेठनं झाकण लावलं, हात रुमालाला पुसले, केबिनमध्ये चढले आणि समोर पाहत बसले. ट्रक निघाला. वळण आलं. तिघांनीही काट्याकडे पाहिलं. तो अर्ध्याच्या जरा वर उभा होता आणि हलला नाही. खड्डा आला, हलला नाही. त्या फांदीला बेचकं होतं, ते शेठ ती मोडत होते तेव्हाच मी पाहिलं होतं. बॉलची दांडी त्यात बसली असणार. मी गिअरच्या दांडीकडे पाहत राहिले. अड्याळपर्यंत शेठनं एकदाही ट्रक थांबवला नाही.

अड्याळला मंडई भरली होती. दुकानं, पाळणे, एका बाजूला दंडारीची ढोलकी. ट्रक मैदानात शिरला तशी गावची मंडळी जमली. शेठच्या ओळखीच्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय शेठ, यंदा कुठं बंद पडली गाडी?" शालिककाकांचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला.

शेठ खाली उतरले. सदरा सारखा केला.

"बंद? नवा काटा बसवला ना! लाखनीच्या पोरीनं बसवला, डिप्लोमा हाये तिचा. या, पाहा."

त्यांनी लोकांना एकेक करून केबिनच्या पायरीवर चढवलं. "पाहा. हालून राहिला का? आधी असा लटलट करे. आता एकदम स्थिर." लोक आत डोकावले. एकानं ट्रकला धक्का देऊन पाहिलं. काटा जागचा हलला नाही. "वा," तो म्हणाला, "याले म्हनते काम." दुसऱ्यानं मला विचारलं, ट्रॅक्टरला असा बसवून मिळेल का. मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही ठरवता आलं नाही.

त्या काट्यानं आमच्या दुकानाचं नाव पवनीपर्यंत झालं. मी नंतर कितीतरी काटे नीट केले, बरोबर हलणारे, वळणावर खाली येऊन पुन्हा वर जाणारे. त्यांची कोणी आठवण काढत नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "शेठच्या गाडीसारखा पाहिजे." याचं मला वाईट वाटतं. पण गप्प राहणं ही एक गोष्ट मला लहानपणापासून चांगली जमते, आणि त्या दिवशी मैदानात तीच करायची गरज होती.

लोक पांगले. मंडळी फळ्या उतरवू लागली. मला एसटी गाठायची होती, म्हणून मी पिशवी काढायला केबिनशी गेले. शेठ तिथे उभे होते. शालिककाका त्यांच्यासमोर, दुपट्टा हातात गुंडाळून, निकाल ऐकायला उभे राहतात तसे.

शेठ त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "परवा आंधळगावचं धान उचलाचं हाये. लवकर ये."

"याच गाडीनं?"

"मंग कोन्त्या? तुले दुसरी येते का?"

शालिककाका "हो" म्हणाले, मग "नाही" म्हणाले. सीटखालून हातोडी काढली आणि ट्रकच्या मागे गेले. टायरमध्ये हवा आहे की नाही, हे ड्रायव्हर हातोडी मारून आवाजावरून ओळखतात. एका टायरला एक ठोका पुरतो. मी मैदान ओलांडून रस्त्यापर्यंत आले, तरी दंडारीच्या ढोलकीतून ते ठोके ऐकू येत होते. एकाच टायरवर.